अर्धलीची काळी

मांडवगण फराटा, ता. शिरूर
३ नोव्हेंबर १९९८

ती. बेगम आपास,

मेहमूदचा सलाम, वि. वि. इकडे मी बरा आहे. तुझी तब्येत कळावी म्हणून हे अंतर्देशीय.

सुफियाच्या आईला जाऊन परवाच्या शनिवारी वर्ष झालं. फातिहाला गल्लीतली आठ-दहा माणसं आली, जेवली, गेली. फिरोजच्या घरच्या कामामुळे तुला येता आलं नाही, असा तुझा निरोप उसाच्या ट्रकवरच्या ज्ञानदेवनं दिला. त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. भांडी घासून पालथी घातली आणि मग ध्यानात आलं की आता उद्यापासून करायला काहीच नाही. हातातली थापी सुटून दोन वर्षं झाली. डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, ओळंब्याची दोरी एकाच्या दोन दिसते. अशा गवंड्याला कोण बोलावील?

तर मी कोंबड्या पाळायचं ठरवलंय. हसू नकोस. सुफियाच्या आईच्या कोंबड्या तिच्या आजारपणात एकेक करून गेल्या आणि खुराडं या पावसाळ्यात बसलं. ते नवं बांधतोय. खिशात फारसं काही नाही, पण सोपानरावांच्या बंगल्याच्या अर्ध्या-पाऊण विटा उरल्यात, त्या त्यांनी घेऊन जा म्हणून सांगितलं. घरात सिमेंटचं अर्धं पोतं होतं, त्याचा दगड झालाय, म्हणून मातीतच बांधणार. छपराला खताच्या दुकानाचा जुना पत्र्याचा बोर्ड मिळालाय. दाराला मोडक्या खिडकीची झडप. तारेची जाळी तेवढी विकत आणावी लागेल.

आता मला सांग, खुराडं किती बाय किती घेऊ? दार कुठल्या दिशेला? कोंबडी आत कशावर बसते? चाळीस वर्षं माणसांची घरं बांधली, कोंबडीचं एकही बांधलं नाही. तुला यातलं सगळं कळतं. सविस्तर लिही. दोन-तीन पानं झाली तरी चालतील, मला वाचायला वेळच वेळ आहे.

कळावे. धाकट्यावरची माया आटू देऊ नये.

तुझा,
मेहमूद


खुटबाव, ता. दौंड
११ नोव्हेंबर १९९८

चि. मेहमूदास,

बेगम आपाचे अ. उ. दुवा. पत्र पोचलं. दोन-तीन पानं लिही म्हणतोस, चौथी शिकलेल्या बाईला तू मामलेदार समजलास की काय? तरी लिहिते.

खुराडं तीन हात बाय दोन हात पुष्कळ झालं. जमिनीपासून वीतभर उचलून घे, ओल लागली की कोंबडी गेलीच म्हणून समज. दार उगवतीला ठेव, सकाळचं ऊन आत आलं पाहिजे. आत बाभळीचं एक आडवं लाकूड टाक, चांगलं मनगटाएवढं. कोंबडीला खाली निजायला आवडत नाही, उंचावर पाय आवळून बसली की तिला बरं वाटतं. खाली राख पसर. आणि गिलावा करत बसू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, लहानपणी मातीची चूल केलीस तरी तिला कोपरे काढायचास.

विकतची कोंबडी मुळीच आणू नकोस. माझी काळी आहे ती मी तुला अर्धलीनं देते. रीत तुला माहीत आहेच, कोंबडी माझी, राखण तुझी, आणि पिल्लं निघतील ती निम्मी तुझी निम्मी माझी. फुकट देणार नाही, फुकटची कोंबडी कुणी जिवापाड राखत नाही. पिल्लं आईपासून सुटली की वाटणी करायची. वाटणीला मी स्वतः येणार, कारण निम्म्यात नर किती आणि माद्या किती हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी सख्ख्या भावावरही भरवसा ठेवत नाही.

इकडे सगळं छान आहे. आपला फिरोज शेतात राबतो. त्याची बायको अफरीन मला पाण्याचा हंडासुद्धा उचलू देत नाही. पोरं दिवसभर दादी दादी करत मागं असतात. मला तर बसायला फुरसत म्हणून नाही. तुझ्या भावजींना जाऊन सहा वर्षं झाली, पण त्यांच्या या पुतण्यानं, फिरोजनं, मला काही कमी पडू दिलं नाही.

जेवणाची हयगय करू नकोस. आठवण ठेवतोस, ती अशीच पत्रातून पोचवत जा.

तुझी,
बेगम आपा


मांडवगण फराटा
२६ नोव्हेंबर १९९८

ती. बेगम आपास,

मेहमूदचा सलाम, वि. वि. काळी सुखरूप पोचली. ज्ञानदेवनं ती उसाच्या ट्रकमधून डालग्यात घालून आणली. वाटेत तिनं त्याला दोनदा टोचलं म्हणे. मला म्हणाला, मेहमूदमामा, ही कोंबडी न्हाई, फौजदार हाय. उतरली ती खुडूक होऊन अंड्यांवर बसायच्याच तयारीनं. तू अंडी कोंड्यात घालून पाठवलीस, त्यातली अकरा शाबूत निघाली. मंगळवारी बसवली. ती आता पाण्यालासुद्धा उठत नाही.

खुराडं झालं. तू नको म्हणालीस तरी बाहेरून गिलावा केला, हात राहवेना. तारेच्या जाळीसाठी शिरूरला गेलो होतो. दुकानदारानं फुटाचा भाव सांगितला, तो ऐकून स्टँडवर चहा घेतला आणि मोकळ्या हातानं परत आलो. मग डोकं चालवलं. पुढच्या बाजूला विटांचीच जाळी बांधली, बंगल्यांच्या गच्चीला बांधायचो तशी. एक वीट, एक भोक, वरच्या थरात भोकावर वीट. वारा खेळतो, उजेड येतो, आणि पैसा एक लागला नाही. दोरी दोन दिसत होती म्हणून नजरेवर न जाता प्रत्येक भोक बोटं लावून मोजलं. एक सूत इकडेतिकडे नाही.

लोक येऊन बघून जातात. सोपानराव म्हणाले, खुराडं हाय का ग्रामपंचायतीचं हाफिस, आन् कोंबडी म्हंजी सरपंचीणबाई का? खरं सांगू, वर्षभरात माझ्या दारात एवढी माणसं आली नव्हती.

पिल्लं निघाली की कळवतो. वाटणीचं विसरू नकोस. पत्राची वाट बघायला मला लावू नये, एवढी ओढ ठेवावी.

तुझा,
मेहमूद


मांडवगण फराटा
१६ डिसेंबर १९९८
(कार्ड)

ती. आपास सलाम, वि. वि. काल नऊ निघाली. दोन अंडी पोकळ. चार काळी, तीन तांबूस, दोन कबरी. काळी मला जवळ येऊ देत नाही, पण कण्या टाकल्या की पिल्लं माझ्या पायावरून पळतात. पाच हजार विटांची भिंत उभी करूनसुद्धा मला कधी एवढं बरं वाटलं नव्हतं. चार-पाच दिवसांत रमजान लागेल. ईद होऊन महिना-दीड महिना गेला की वाटणी. तुझी वाट बघणारा, मेहमूद.


मांडवगण फराटा
१८ जानेवारी १९९९

चि. सुफियास,

अब्बांचे अ. उ. दुवा. तुझं पत्र मिळालं. जावईबापूंना सुट्टी नाही म्हणून ईदला येता येणार नाही असं लिहिलंस. कंपनीचं काम, त्याला इलाज नाही. सणसवाडीहून येणं म्हणजे दोन एस.ट्या बदलायच्या, दोघांनी मिळून आलात तरच बरं.

बेटा, एक वाईट गोष्ट लिहायची आहे. ही तुझ्या फुफीला, माझ्या आपाला, कळू देऊ नकोस, तुला माझी शपथ.

शुक्रवारी रमजानचा शेवटचा जुम्मा होता. वर घार फिरत होती म्हणून काळीला आणि सगळ्या पिल्लांना मी खुराड्यात कोंडलं, झडपेला कडी घातली आणि नमाजला गेलो. परत आलो तर सगळं चिडीचूप. झडप बंद, कडी जागच्या जागी. आत नऊच्या नऊ पिल्लं मरून पडलेली. काळी आडव्या लाकडावर होती, तिच्या मानेची पिसं गेलेली. मी दार उघडलं तेव्हा एका भोकातून मुंगूस निघालं आणि माझ्याकडे बघत बघत कुंपणाकडे गेलं. त्याला घाईसुद्धा नव्हती.

मग मी टेप आणून भोक मोजलं. साडेचार इंच. सगळी साडेचार इंच. कारागिरी म्हणून मी ती एकसारखी ठेवली, लोकांना दाखवली. खाली मातीचा ढीग पडला होता, चार गोळे घालून दोन बोटांची फट ठेवली असती तरी भागलं असतं. पण ते माझ्या डोक्यातच आलं नाही. माणसाच्या घराला जाळी बांधताना मुंगसाचा विचार कोण करतो? त्यांना घारीपासून वाचवायला मी माझ्या हातानं आत कोंडलं, सुफिया. मला हेच रोज आठवतं.

फुफीला सांगायचं कसं? तिला पिल्लं नाहीत म्हणून कळवलं की वाटणी नाही, आणि वाटणी नाही तर ती कशाला येईल? तिचं तिकडं भरलं घर आहे, तिला फुरसत नाही. खरं सांगायचं तर हे खुराडं मी तेवढ्यासाठीच बांधलं. म्हटलं, कोंबड्यांच्या निमित्तानं येईल, आठ दिवस राहील. तुझ्या आईच्या जागी मला कुणी नको. पण सकाळी चहा अजून दोन कप होतो. दुसरा मीच पितो.

म्हणून मी तिला काहीच कळवणार नाही. बाजारात नऊ पिल्लं कुठं मिळतात का बघतोय. पण तिला बनवता येणार नाही, ती कोंबडीच्या चालीवरून तिची आई सांगते.

जावईबापूंना सलाम. लेकीचा जीव आमच्यावर आहे तसाच राहावा.

तुझे,
अब्बा


सणसवाडी
२४ जानेवारी १९९९

ती. अब्बांना,

सुफियाचा सलाम, वि. वि. ईद मुबारक. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमची काही चूक नाही. तुम्ही चांगलंच करायला गेलात. फुफीला मी काही सांगणार नाही, शपथ घातलीत म्हणून. पण तुम्ही सांगावं असं मला वाटतं. त्या चिडतील, दोन दिवस बोलणार नाहीत, मग हसतील. तुम्हीच सांगायचात ना, की लहानपणी त्यांची बाहुली तुम्ही विहिरीत टाकलीत तेव्हाही असंच झालं होतं.

काळीच्या मानेला हळद आणि खोबरेल लावा. जाळीची भोकं बुजवा, आणि खुराड्याकडे बघत बसू नका. जेवण करा. डाळ एकदाच जास्त शिजवून दोन दिवस खाता हे मला माहीत आहे.

इकडे सगळं बरं आहे. यांचं काम जोरात आहे. आमच्या ओळीतल्या बारा खोल्यांत बहुतेक सगळे बिहार, उत्तर प्रदेशकडचे. बायका एकमेकींशी भरभर बोलतात, मला अर्धं कळतं. शेजारची आल्यागेल्याला खाना खाया क्या विचारते. मीही आता तेच विचारते.

तुमची पत्रं आली की दिवस बरा जातो. माझ्यावर रागवायची वेळ आली तरी पत्र थांबवू नये.

तुमची,
सुफिया


खुटबाव
३० जानेवारी १९९९

चि. सुफियास,

फुफीचे अ. उ. दुवा. ईदचं कार्ड मिळालं. आता जे लिहिते आहे ते तुझ्या बापाला कळवायचं नाही. त्यानं ऐकलं तर तो सायकल काढून नदी ओलांडून येईल आणि फिरोजशी भांडेल, आणि त्यात कुणाचंच भलं नाही.

मी त्याला लिहिते की पोरं मागं मागं असतात. पोरं मोठी झाली गं, ती केडगावला कॉलेजला जातात, त्यांना दादी कशाला लागते. मागच्या वर्षीपासून मी पडवीत राहते, पूर्वी शेळी बांधायचे तिथं. माझी चूल वेगळी आहे. फिरोज वाईट नाही, अफरीनही वाईट नाही, कुणी मला वाकडं बोलत नाही. कारण कुणी बोलतच नाही. दिवसभर मी कोंबड्यांशी बोलायचे. मग अंगणात घाण होते म्हणून कोंबड्या काढा असं दिवाळीत ठरलं. मला विचारलं नाही, सांगितलं. सहा होत्या. पाच विकल्या, काळी माझ्यानं विकवेना. तेवढ्यात मेहमूदचं पत्र आलं. अर्धलीनं देते म्हणून मी तोरा केला, खरं तर मला तिला कुठं तरी ठेवायचं होतं. त्याच्या घरच्या फातिहालासुद्धा आले नाही ती याच कारणानं. माझं तोंड बघून त्यानं ओळखलं असतं.

आता माझं काय ठरलंय ते ऐक. मेहमूदच्या दारात उभी राहून मला ठेवून घे असं मला म्हणता येणार नाही. जन्मात नाही. म्हातारपणी बाई सासरहून माहेरी आली की लोक आधी तिचं काय चुकलं ते विचारतात, आणि भावाच्या ताटात वाटेकरी झाली म्हणतात. पण वाटणीला जाणं वेगळं. तिथं मी मालकीण म्हणून जाणार. नवातली चार-पाच पिल्लं माझी. ती इकडे आणायची सोय नाही. मग मी त्याला सहज म्हणेन, माझा वाटा इथंच राहू दे आणि माझ्या वाट्याची राखण मीच करते. एवढं एक वाक्य बोलायला मला तोंड आहे. त्याच्यासाठी मी आता दिवस मोजते. फिरोजला वाटणीला जाते म्हणून सांगूनसुद्धा ठेवलंय.

तो लिहितो ना तुला पिल्लं कशी आहेत ते? मला लिहिताना काही लपवत तर नाही?

तुझ्या संसाराला माझी दृष्ट न लागो. म्हातारीला विसरू नये.

तुझी,
फुफी


मांडवगण फराटा
६ फेब्रुवारी १९९९

ती. बेगम आपास,

मेहमूदचा सलाम, वि. वि. कार्ड मिळालं. पिल्लांचं विचारलंस. सगळी झकास आहेत. पाच नर, चार माद्या अशी निघाल्यागत दिसतात. एक काळा नर आतापासूनच आरवायला बघतो, आवाज फुटत नाही, नुसता खोकतो. एक कबरी रोज माझ्या चपलेत येऊन बसते, नमाजला जाताना तिला उठवावं लागतं. तांबूस तिघी एकमेकींना सोडत नाहीत. एकीला मी चवळी म्हणतो, कारण तिला चवळीच लागते.

रोज संध्याकाळी ओट्यावर बसलो की ती माझ्याभोवती असतात. घर अगदी भरल्यासारखं वाटतं.

मार्चमध्ये कधी येशील ते निश्चित कळव. आठ दिवस तरी राहायच्या बेतानं ये, वाटणी घाईनं करू नये. तुझ्या पायगुणावर माझा भरवसा आहे, तो खरा करावा.

तुझा,
मेहमूद


खुटबाव
१४ फेब्रुवारी १९९९
(कार्ड)

चि. मेहमूदास अ. उ. दुवा. पत्र वाचून जिवाला थंड वाटलं. पाच नर म्हणजे तू मला नर गळ्यात मारणार, हे मी ओळखलं आहे. चपलेत बसणारी कबरी माझ्या वाट्याला पाहिजे, आताच सांगून ठेवते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात येते. तोवर चवळी कमी घाल, पोट बिघडेल. आपा.


सणसवाडी
२२ फेब्रुवारी १९९९

ती. अब्बा आणि ती. फुफी यांना,

सुफियाचा सलाम, वि. वि. हेच पत्र मी दोनदा लिहिलं आहे, एक मांडवगणला आणि एक खुटबावला. शब्द न् शब्द तोच आहे.

अब्बा, तुमच्या पाकिटात फुफीचं ३० जानेवारीचं पत्र घातलं आहे. फुफी, तुमच्या पाकिटात अब्बांचं १८ जानेवारीचं. दोघांनी मला सांगू नकोस म्हणून बजावलं होतं. अब्बांनी तर शपथ घातली होती. ती मी मोडली. गुन्हा माझा.

फुफी, अब्बांनी तुम्हाला चपलेतल्या कबरीचं लिहिल्याचं तुम्ही मला पाठवलेल्या कार्डातून कळलं. त्या दिवशी मी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली आणि मला रडू आलं. एक जण पिल्लं आहेत म्हणून सांगतो, कारण नाहीतर दुसरं येणार नाही. दुसरं येणार ते पिल्लांच्या आडून, कारण सरळ यायला तोंड नाही. तुम्ही फुफी ट्रंक घेऊन मांडवगणला उतरणार, रिकाम्या खुराड्यासमोर उभ्या राहणार, आणि अब्बा मान खाली घालणार. मग तुमचं ते एक वाक्य तुम्हाला बोलता येणार नाही आणि तुम्ही संध्याकाळच्या गाडीनं परत पडवीत जाल. मला दोघांचे स्वभाव माहीत आहेत. असंच झालं असतं.

म्हणून आधीच सांगितलं. पिल्लं नाहीत. तरी जायचं का, हे आता फुफींनी ठरवावं. तरी बोलवायचं का, हे अब्बांनी.

मला जे बोलायचं ते बोला. रागातसुद्धा लेक आपलीच म्हणावी.

तुमची,
सुफिया


मांडवगण फराटा
७ मार्च १९९९

चि. सुफियास,

फुफीचे आणि अब्बांचे अ. उ. दुवा. पत्ता वाचून कळलंच असेल, मी इथून लिहिते आहे.

तुझं पाकीट फोडलं आणि मी तुला मनात इतक्या शिव्या घातल्या की तुला उचकी लागली असेल. दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी बघते तर तुझा बाप पडवीत उभा. सायकलवर आला, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, पूल ओलांडून. फिरोजशी भांडला नाही, मला त्याचीच भीती होती. फिरोजनं पाणी दिलं, ते प्याला. मग माझ्या चुलीपाशी बसला आणि लाकडं आत सारत राहिला. शेवटी म्हणाला, आपा, चाल. पिल्लं न्हाईत, काय न्हाई. तरी चाल.

मी त्याला विचारलं की माझा निम्मा वाटा कुठं आहे. तो म्हणाला, सगळं खोटं हाय, वाटा कशाचा देऊ. मी म्हटलं, मग खोट्यातला निम्मा माझा, मीही काही कमी लिहिलं नाही. तेव्हा तो रडला. पोरी, तुझी आई गेली तेव्हासुद्धा मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. ट्रंक ज्ञानदेवनं ट्रकवर टाकली. अफरीननं निघताना माझ्या पदरात शेंगदाणे बांधले, तिचेही डोळे भरले होते. आठ दिवस झाले. लोक विचारतात, काय वं, कवा जाणार माघारी? मी सांगते की न्हाई जाणार. सांगायला जेवढं अवघड वाटत होतं तेवढं नाही.

आता तुझं. तुझा बाप शेजारी बसून ऐकतोय, आणि हे मी त्याला विचारूनच लिहिते आहे.

काल आम्ही तुझी वर्षभराची सगळी पत्रं काढली, त्याच्याकडची आणि माझ्याकडची. मागच्या उन्हाळ्यात अक्रमजावई प्रत्येक पत्रात आहेत. त्यांनी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून तोंड केलं, त्यांनी तुला घड्याळ आणलं, त्यांना कंपनीत अमुक बोलले. दिवाळीपासून काय आहे? यांचं काम जोरात आहे. प्रत्येक पत्रात तेवढंच, सहा पत्रांत सहा वेळा. ईदला नवरा-बायको आला नाहीत. चार-चार पानं तू दोनदा लिहून काढतेस, दोन म्हाताऱ्यांची पत्रं शेजारी शेजारी ठेवून बसतेस. ज्या घरात डबा करायचा असतो, कुणी दमून येणार असतं, त्या घरातल्या बाईला एवढा वेळ मिळत नाही. मी पडवीत वर्ष काढलंय, मला तुझ्या पत्रांतला तो वेळ ओळखू येतो.

आम्ही दोघं आपापल्या दुःखात असे गुरफटलो की तू कशी आहेस हे विचारायचं राहून गेलं. त्याची लाज वाटते. तिथं तुझ्याजवळ कोण आहे, सुफिया? खरं लिही. आमचं खोटं तू उघडं पाडलंस, आता तुझं लपवू नकोस.

तुझा बाप म्हणतो, तिला लिही की जावयाला दोष देणार नाही, कुणाला काही विचारणार नाही. फक्त कळव.

तू आमची आहेस, हे विसरायची तुला मुभा नाही.

तुझी,
फुफी, आणि शेजारी अब्बा


सणसवाडी
१२ मार्च १९९९

ती. फुफी आणि ती. अब्बा यांना,

सुफियाचा सलाम, वि. वि. खुशाल आहे असं इथं लिहायची पद्धत आहे. या वेळी लिहीत नाही.

हे दिवाळीच्या आठवड्यापासून इथं नाहीत. ठेकेदारानं त्यांच्यासकट वीस जणांना कामावरून काढलं. मग ते दुसऱ्या ठेकेदाराबरोबर वापीला गेले. तिथं आठ जण एका खोलीत झोपतात, मला नेता येत नाही. मनिऑर्डर वेळेवर येते. तिच्या फॉर्मवर खालच्या जागेत दोन ओळी असतात. जवळजवळ पाच महिन्यांत एकदाही येणं झालं नाही, सुट्टी घेतली की काम जातं. त्यांचा दोष नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला घरी ये म्हणाला असता, आणि खोली सोडली की आमचं इथलं सगळं संपलं असं मला वाटत होतं. म्हणून खोलीला धरून बसले.

रोज सकाळी मी दारात पाणी मारते, केर काढते, आणि मग दहा वाजतात. त्यानंतर काही नसतं. तुमची पत्रं यायची त्या दिवशी मी ती वाचायची, उत्तर लिहायची, परत वाचायची. तुमच्या कोंबड्यांचं मला तुमच्याइतकंच वेड लागलं होतं. अब्बांनी मुंगसाचं लिहिलं त्या दिवशी मी शेजारणीच्या दारात जाऊन उभी राहिले. तिला काही सांगायचं होतं. तिनं नेहमीप्रमाणे खाना खाया क्या विचारलं, मी हो म्हणून परत आले.

परवा दुकानात मीठ आणायला गेले. दुकानदारानं काय पाहिजे विचारलं आणि माझा आवाजच फुटला नाही. दोन दिवस मी कुणाशी बोललेच नव्हते. त्याला वाटलं मुकी आहे, त्यानं खुणेनं विचारलं. मी बोटानं मिठाचा पुडा दाखवला, पैसे दिले आणि घरी आले.

फुफी, तुम्ही विचारलंत, तिथं तुझ्याजवळ कोण आहे. कुणी नाही.

खोली लहान आहे, पण तिघांना पुरेल. काळीला चार दिवस तुमच्या शेजारच्या कस्तुराबाई सांभाळतील. माझं काय करायचं ते इथं बसून ठरवू, वापीलाही तिघांनी मिळून पत्र लिहू. या पत्राला उत्तर लिहू नका. या.

सुफिया